बाबांची अठरावी कथा

बाबांच्या कथांचं पुस्तक ते गेल्यानंतर निघालं. गिरणगाव, चाळी, लोकल यांवरच्या अठरा कथा वेगवेगळ्या दिवाळी अंकांत आल्या होत्या. सतरांची कात्रणं आईनं ट्रंकेत जपली होती, त्यामुळे टायपिंग, मुद्रितं, मुखपृष्ठ हे सगळं तीन महिन्यांत उरकलं. अडलं ते अठराव्या कथेपाशी.

१९८२ च्या संपानंतरची ती कथा. गिरणी बंद, तरी पहाटे उठून दाढी करून तयार होऊन बसणारा साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार. १९८३ चा दिवाळी अंक, मासिक कधीच बंद पडलेलं. एका जुन्या ग्रंथालयात अंक असल्याची नोंद सापडली. जूनमध्ये गेलो तर म्हणाले, ‘बाइंडिंगला गेलाय.’ ऑगस्टमध्येही तेच. ऑक्टोबरमध्ये म्हणाले, अर्ज करा. केला. मग कळलं, त्यावर सही हवी आणि सही करणारे फक्त गुरुवारी येतात. दोन गुरुवार अर्धी रजा टाकून गेलो, दोन्ही वेळा ते मीटिंगला. अर्ज कुठे आहे विचारलं, तर तो सापडेना! तुम्ही जाल तेव्हा अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्याच. मी घेतली नव्हती, म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

शेवटी तिथल्या एका वयस्कर शिपायानं माळ्यावरून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढून दिला. अंक बाइंडिंगला गेलाच नव्हता. त्याचा राग अजून जात नाही. कागद ठिसूळ म्हणून झेरॉक्सला मनाई, फोटोलाही. मग दोन शनिवार बसून अकरा पानं हातानं उतरवून घेतली.

हो, वारसांचं राहिलंच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. प्रकाशकाला सगळ्यांच्या सह्यांचं संमतिपत्र लागतं, ते आधीच करून ठेवा. आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाला, सरकारी फी नाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

शेवटच्या पानावर कसरीनं तीन शब्द खाल्ले होते. आईला वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, “पहिला ‘डबा’ असणार. आपल्या शेजारचेच ते, रिकामा डबा घेऊन बसायचे.” तो शब्द चौकटी कंसात घातला. उरलेल्या दोन जागी पुस्तकात टिंबं आहेत.