सप्ताह, केसांचा डाय आणि रात्रीचा पहारा

गावात सप्ताह बसायचा म्हटलं की टाळकऱ्यांच्या घरी डायच्या पुड्या येतात. सोबत एक बारीकशी लाजही येते: हरिनामाला जायचं आणि केस काळे करून जायचं?

मला ही लाज नको वाटते. आपल्या अमरावती जिल्ह्यानेच दोन्ही टोकं पाहिली आहेत. गाडगेबाबा (1876–1956) चिंध्या पांघरून, हातात खराटा घेऊन फिरले. माधानचे गुलाबराव महाराज (1881–1915) स्वतःला कृष्णाची पत्नी मानून कुंकू, मंगळसूत्र ल्यायचे. त्यांची दृष्टी तर तान्हेपणीच गेलेली. ज्यांना आरसा कधी दिसलाच नाही, त्यांचा शृंगार कोणासाठी होता?

तेव्हा डाय लावायचा तर खुशाल लावा, पण सप्ताहाच्या चार दिवस आधी उरका. पुडीत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. तासाभरात काळं करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही तेच, निव्वळ मेंदी लालसरच रंगते. आधी थेंबभर कालवलेला डाय कानामागे लावून 48 तास पाहा. खाज, पुरळ आलं तर पुडी फेकून द्या. एकदा बाधलेला डाय पुढच्या वेळी जास्त बाधतो, पापण्या सुजून डोळे मिटतात. तसं झालं तर भरपूर पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा.

डाय प्लॅस्टिकच्या वाटीत, लागेल तेवढाच कालवा. उरलेला हवेने काळा पडतो, मग केसांवर चढत नाही. कपाळाला, कानांना आधी खोबरेल तेल लावा. पुडीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवल्याने रंग गडद होत नाही, कातडी मात्र भाजते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, नाहीतर मंडपातल्या उकाड्यात पांढऱ्या टोपीवर काळे ओघळ येतात. भुवयांना डाय लावूच नका.

गोपीचंदन सहाणेवर थोड्याच पाण्यात उगाळायचं. पातळ झालं तर नाकावर ओघळतं, फार जाड लावलं तर वाळून तडकतं. डायने कपाळ चुरचुरत असेल तर त्या दिवशी गंध लावू नका.

इथवरचं सोपं आहे. अवघड भाग मंडपात सुरू होतो, कारण मिरवण्याची हौस केसांत बसून राहत नाही. ती माईकजवळच्या जागेत शिरते, मोबाईलच्या स्टेटसमध्ये शिरते. ‘आपण बुवा डाय-बिय करत नाही’ हे चारचौघांत सांगण्यात तर ती सगळ्यात जास्त असते, आणि तिथे ती ओळखूही येत नाही.

तिच्यावर मला पटलेला उपाय म्हणजे विण्याचा रात्रीचा पहारा. विणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पाळीपाळीने गळ्यात घेतात. संध्याकाळच्या पाळ्यांना नावं भराभर लागतात. दोन ते चारच्या पाळीला मंडपात बघणारं कोणी नसतं, म्हणून तीच मागावी. दुपारी तासभर झोप काढा, रात्री भाकर अर्धीच खा आणि मोबाईल घरी ठेवा. पुढच्या पहारेकऱ्याला उठवायला कोणाला तरी आधीच सांगून ठेवा, कारण तो आला नाही तर त्याची पाळीही तुम्हालाच करावी लागते. आणि केली तर सकाळी ते कोणाला सांगू नका.