एकसष्ट किलोसाठी

कोल्हापुरातील एका तालमीत मी क्रीडाशास्त्राची सल्लागार म्हणून जाते. संशोधनात सिद्ध झालेले पैलवानाच्या रोजच्या दिनक्रमात बसवणे हे माझे काम. त्यातला बराचसा वेळ वस्तादांची समजूत घालण्यात जातो. जिल्हा निवड चाचणीच्या सकाळचा प्रसंग मात्र अजून डोक्यातून गेलेला नाही.

६१ किलो गटात उतरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पैलवानाची लघवी मी त्या दिवशी तपासली. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंबभर लघवी ठेवून तो उजेडाकडे धरला की तिचे विशिष्ट गुरुत्व वाचता येते, आकडा १.०२० पर्यंत असेल तर शरीरात पुरेसे पाणी आहे असे मानतात. त्याचा आकडा १.०३२ होता. आदल्या दुपारपासून त्याने पाण्याचा घोट घेतला नव्हता, रात्री रेनकोटावर दोन स्वेटर चढवून तो धावला होता आणि शेवटचे तीन किलो त्याने केवळ घाम गाळून व थुंकून काढले होते. काट्यावर ६०.९ भरले आणि आयोजकांचे समाधान झाले, कारण त्यांच्या नियमात फक्त काटा आहे. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस, महिन्याभराच्या अंतरात, याच पद्धतीने वजन उतरवणारे तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले आणि त्यानंतर तिथे लघवीची चाचणी सक्तीची झाली. आपल्याकडे पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरल्यावर घरोघरी चर्चा झाली ती त्या १०० ग्रॅमची. त्याआधीच्या रात्रीची फारशी झाली नाही.

वस्ताद म्हणाले, “मॅडम, कुस्तीला अजून दोन तास हैत. पाजा की पाणी.” गेलेल्या पाण्याच्या दीडपट द्रव परत द्यावा असे शास्त्र सांगते, तीन किलोंसाठी तो साडेचार लिटर होतो आणि दोन तासांत तेवढा पोटात जिरत नाही. तरी मीठ घातलेली तांदळाची पेज आणि ओआरएस थोडे थोडे देत राहिले. त्याने दोन कुस्त्या मारल्या. तिसरीत दुसऱ्या फेरीपर्यंत तो आघाडीवर होता, मग पिंढरीत गोळा आला आणि तो चितपट झाला. पाण्याच्या तुटीमुळे हरला असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. समोरचा पैलवानही चांगला होता, आणि बहुधा तोही वजन उतरवूनच आला होता. प्रयोगशाळेत मल्लाची तुलना त्याच्या स्वतःच्या ताज्यातवान्या अवस्थेशी होते, आखाड्यात ती दुसऱ्या तहानलेल्या माणसाशी होते. वजन उतरवणारे जास्त जिंकतात की हरतात, यावर अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत.

त्याचे सहज वजन ६६ आहे, मग ६५ किलो गटात का उतरत नाही, हे मी त्यालाच विचारले. त्या गटात त्याच तालमीचा थोरला पैलवान आहे, आणि वस्ताद आपल्याच दोन पोरांना एकमेकांसमोर उभे करत नाहीत. मी दिलेली सगळी व्याख्याने त्याला पाठ होती; अडचण अज्ञानाची नव्हतीच. इंग्रजी अहवाल वाटून खेळाडू सुधारतील असे मानणाऱ्या तज्ज्ञ मंडळींनी कधीतरी तालमीत मुक्कामाला यावे.

तेव्हा आम्ही मधला मार्ग आखला. चाचणीच्या दोन महिने आधीपासून आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा किलो, तोही तुपाच्या आणि थंडाईच्या मापातून कमी करायचा, प्रथिने तशीच ठेवायची, आणि शेवटच्या रात्री घामावर एक किलोपेक्षा जास्त सोपवायचे नाही. शेवटचे दोन दिवस भाकरी, पालेभाजी व बदाम बंद करून साधा भात द्यायचा, कारण आतड्यातला चोथा कमी झाला की पाणी न तोडताही काट्यावर काही शे ग्रॅम उतरतात. रोज पहाटेचे वजन लिहिण्याची वही वस्तादांनी स्वतःकडे घेतली आहे आणि लघवीच्या चाचणीलाही होकार दिला आहे. कुस्तीच्या तोंडावर पैलवानाचे बदाम बंद करायला मात्र ते अजून तयार नाहीत.