कॉलरची दोन बटणे

माझ्या निळ्या शर्टाच्या कॉलरच्या टोकांना दोन इवलीशी बटणे आहेत, आणि टाय मी लग्नसमारंभातही लावत नसल्यामुळे ती रोज सकाळी कशासाठी अडकवायची, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडत होता. त्याचे उत्तर इंग्लंडच्या पोलो मैदानावर सापडते. घोडा भरधाव असताना कॉलर तोंडावर फडफडू नये म्हणून तेथील खेळाडू तिची टोके शर्टाला अडकवत. न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या १८१८ पासूनच्या कपड्यांच्या पेढीच्या संस्थापकाच्या नातवाने १८९६ च्या सुमारास ही युक्ती हेरून मायदेशी नेली, असे ही पेढी सांगत आली आहे. इंग्रजांनी ती मैदानावर ठेवली, अमेरिकनांनी मात्र ती कचेरीत नेली, आणि आज ही कॉलर अस्सल अमेरिकन मानली जाते.

खरे तर त्या अस्सल कपाटात उसने नाही असे फारसे काही नाही. जीन्सच्या रिव्हेटचे, म्हणजे शिवणीवर ठोकलेल्या धातूच्या टिकल्यांचे, पेटंट १८७३ मध्ये ज्या दोघांना मिळाले, त्यांपैकी लेव्ही स्ट्रॉस बव्हेरियातून आलेले व्यापारी आणि जेकब डेव्हिस रिगाहून आलेले शिंपी होते. अमेरिकी खलाशांच्या जाड सुती कपड्याच्या ‘डंगरी’ या नावात तर आपल्या मुंबईची डोंगरी लपलेली आहे. मला सर्वांत गंमत वाटते ती मद्रास चौकड्याची. धुतल्यावर त्याचा रंग जाई, म्हणून गिऱ्हाइके आधी चिडली. मग ‘रंग जाण्याची हमी’ अशीच जाहिरात झाली आणि १९६० च्या आसपास तिकडच्या महाविद्यालयांत तो मिरवू लागला. आमच्या घरी रंग जाणारा कपडा वेगळ्या बादलीत भिजतो आणि दुकानदाराचा उद्धार होतो, तो निराळाच.

राष्ट्र म्हणून जे काही सांगायचे, ते अमेरिकेने एकदा कोटाच्या आत लिहून ठेवले होते. लिंकन यांच्या १८६५ मधील दुसऱ्या शपथविधीसाठी ब्रुक्स ब्रदर्सनेच शिवलेल्या कोटाच्या अस्तरावर गरुड आणि ‘एक देश, एक नियती’ हे शब्द भरतकामाने काढलेले होते. यादवी अजून संपायची होती. फोर्ड नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्या रात्रीही त्यांच्या अंगावर तोच कोट होता, आणि बघणाऱ्यांना बाहेरून दिसत होते ते साधे काळे लोकरी कापड.