गॉथेनबर्गची लाकडी नाव आणि सांगलीकरांचे प्रश्न

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉथेनबर्ग शहरात नोकरीनिमित्त स्थायिक झाल्यावर मी एक जुनी लाकडी शिडाची नाव विकत घेतली, आणि तेव्हापासून हिवाळ्यात सुट्टीवर सांगलीला आलो की घरात हाच विषय निघतो. फायबरची नवी बोट मिळत असताना माझ्या वयापेक्षा जुनी नाव कशासाठी, ती गळत नाही का, उलटली तर काय करायचे, लाकूड पाण्यात कुजत कसे नाही, अशा प्रश्नांना चहा घेता घेता तुटक उत्तरे देत आलो. या वेळी ती सविस्तर लिहून काढावीत असे वाटले. माझे म्हणणे एवढेच आहे, की लाकूड कधी ना कधी खराब होणार हे गृहीत धरूनच ही नाव बांधलेली असते. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा करून बदलता येतो, आणि म्हणूनच ती बांधणाऱ्याच्या पश्चातही पाण्यावर राहते.

माझी नाव नॉर्डिक फोल्कबोट या जातीची आहे. साध्या नोकरदार कुटुंबाला परवडेल, समुद्रात निर्धास्तपणे नेता येईल आणि शनिवार-रविवार आत मुक्काम करता येईल अशी छोटी नाव हवी, या विचाराने स्कँडिनेव्हियातील नौकानयन संघटनेने ऐन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आराखड्यांची स्पर्धा घेतली. कोणताही एक आराखडा परीक्षकांना पूर्णपणे पटला नाही, म्हणून निवडक आराखड्यांतील चांगल्या गोष्टी एकत्र करून टूर्ड सुंडेन यांनी अंतिम रेखाटने तयार केली, आणि १९४२ साली पहिली फोल्कबोट गॉथेनबर्गमध्येच पाण्यात उतरली. लांबी ७.६८ मीटर, रुंदी २.२० मीटर, आत वाकूनच वावरावे लागेल एवढीच उंची. दिसायला ती किरकोळ वाटते, परंतु १९६० साली एकट्याने अटलांटिक महासागर पार करण्याची पहिली शर्यत झाली तेव्हा ब्लाँडी हॅस्लर हे निवृत्त ब्रिटिश अधिकारी याच जातीच्या, शिडाची रचना बदललेल्या ‘जेस्टर’ नावाच्या नावेतून निघाले आणि दुसरे आले. पुढे १९७० च्या दशकात याच आकाराच्या फायबरच्या फोल्कबोटींनाही मान्यता मिळाली, आणि आज लाकडी व फायबरच्या नावा एकाच शर्यतीत बरोबरीने उतरतात.

यंदा येताना मी बदललेल्या फळीचा वीतभर तुकडा, त्यातील तांब्याच्या दोन खिळ्यांसह, सामानातून आणला होता. हरिपूर रस्त्यावरील ज्या सुतारमामांनी आमच्या घराची दारे-खिडक्या केल्या, त्यांना तो मुद्दाम नेऊन दाखवला. मामांनी तो तुकडा उजेडात धरला, एका फळीवर दुसरी जिथे चढते त्या जागेवरून अंगठा फिरवला, कापलेल्या कडेचा वास घेतला आणि म्हणाले, “अजून राळेचा वास येतोय की! पर ह्यात गोंद कुठं हाय?” गोंद नाहीच, असे मी सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हंजी खिळा काढला की फळी मोकळी?” मी हो म्हणालो. “मग बांधणाऱ्यानं दुरुस्त करणाऱ्याचा इचार आधीच केलाय,” असे म्हणून त्यांनी तो तुकडा पुन्हा उलटा करून पाहिला. मी इतक्या दिवसांत घरी जे समजावू शकलो नव्हतो, ते मामांनी तुकडा हातात घेताच ओळखले होते.

या बांधणीत पाइनच्या फळ्या तळापासून वर अशा लावत नेतात, की वरच्या फळीची कड खालच्या फळीवर बोटभर चढावी. सांध्यात ठरावीक अंतरावर भोक पाडून त्यातून तांब्याचा चौकोनी खिळा बाहेरून आत ठोकतात, आतून त्यावर तांब्याची खोलगट चकती चढवतात, जादा टोक कापतात आणि उरलेले टोक गोल तोंडाच्या हातोडीने हलक्या हाताने ठोकून चकतीवर पसरवतात. हे काम एकट्याचे नाही. एकाने बाहेर बसून खिळ्याच्या माथ्याला जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने आत, फासळ्यांमध्ये (फळ्यांना आतून आधार देणाऱ्या वाकवलेल्या लाकडी पट्ट्यांमध्ये) अंग चोरून बसून ठोकायचे. सुरुवातीला आवाज बद्द येतो. सांधा आवळला गेला की तो खणखणीत होतो आणि मग थांबायचे, कारण त्यापुढे ठोकले तर फळी चिरते. आमच्या नौकानयन क्लबमधील सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी मला हे शिकवले. त्यांना इंग्रजी फारसे येत नव्हते आणि माझी स्वीडिश तेव्हा कच्ची होती, परंतु हातोडीच्या आवाजावर दोघांचेही कान असल्यामुळे बोलण्याची गरज क्वचितच पडली.

फासळ्यांचे काम याहून अवघड असते. नावेच्या पोटाला जिथे जास्त बाक असतो तिथेच ओकच्या फासळ्या वर्षानुवर्षांच्या ताणाने मोडतात, आणि जुन्या फोल्कबोटीत अशा काही मोडक्या फासळ्या निघाल्या तर त्यात नवल नाही. नवी फासळी लाकडाच्या लांबट पेटीत कोंडून वाफवतात. जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास, असा हिशेब आहे. भट्टीत वाळवलेला ओक यासाठी चालत नाही, तो वाकण्याऐवजी तुटतो; लाकूड ताजे, अंगात ओल असलेले लागते. पेटीतून काढल्यावर अर्ध्या-एक मिनिटाच्या आत ती जागेवर नेऊन, पायाने दाबून, शिकंजे आवळून बसवावी लागते. तेवढ्या वेळात मनगटाएवढ्या रुंदीचा ओकचा कडक दांडा हातात वेताच्या छडीसारखा वाकतो, आणि थंड झाला की त्याच आकारात कायमचा राहतो. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आपण इंजिनिअर असल्याचा विसर पडला होता.

आता कुजण्याविषयी. समुद्राचे पाणी लाकडाचा शत्रू आहे असा आपला समज असतो, पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारे पाणी मानवत नाही. तिला हवे असते पावसाचे गोडे पाणी आणि कोंदट हवा. त्यामुळे लाकडी नाव बहुधा वरून कुजते. डेकच्या एखाद्या बारीक फटीतून पाऊस झिरपतो, कोपऱ्यात ओल राहते, वारा लागत नाही आणि काही वर्षांत तिथे चाकू सहज रुतू लागतो. खाऱ्या पाण्याचा धोका निराळा आहे. त्यात लाकूड पोखरणारा टेरेडो नावाचा जीव असतो, आणि तो स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळतो, म्हणून तळाला दरवर्षी विशेष रंग लावावा लागतो. स्टॉकहोमजवळच्या बाल्टिक समुद्रात खारटपणा इतका कमी आहे की हा जीव तिथे तग धरत नाही. १६२८ साली पहिल्याच प्रवासात बुडालेले ‘वासा’ हे युद्धजहाज १९६१ साली जवळजवळ अखंड वर काढता आले, त्यामागे हे मोठे कारण होते.

या कामातील साहित्य पाहिले तर मला परदेशात असल्यासारखे वाटत नाही. लाकडाला पहिला हात जवसाच्या तेलाचा द्यायचा, खडूची भुकटी त्याच तेलात मळून फटी भरायची लांबी (पुट्टी) करायची. जुने नावबांधणीवाले तळाच्या लोखंडाला आणि आतल्या लाकडाला जो केशरी लेप देत, तो तर चक्क शेंदूर होता: शिशाचा तोच ऑक्साइड, जो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मारुतीला तेलात कालवून लावला गेला. शिसे विषारी असल्यामुळे आता इतर लेप वापरतात, परंतु जुनी फळी घासताना तो रंग आजही निघतो आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय तिथे काम करू नये.

गळण्याबद्दल खरे सांगायचे तर नाव दर वसंतात गळते, आणि तशी गळणे अपेक्षित असते. ऑक्टोबरात तिला क्रेनने बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवतात. कोरड्या हवेत फळ्या आकसतात आणि सांधे किंचित उघडतात. एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात पाण्यात उतरवली की पहिल्या रात्री पंप चालू ठेवावा लागतो, मग लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आपोआप बंद होतात. नवख्या माणसाला भीती वाटून तो फटी कडक लांबीने भरतो. फुगणाऱ्या फळीला मग जागा उरत नाही आणि एखादी फासळीच मोडते. याबाबतीत धीर धरण्याइतके चांगले औषध नाही.

माझ्या मामींचा प्रश्न मात्र सगळ्यात गंभीर होता: “अरे, उलटली तर?” २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि त्याच महापुरात ब्रह्मनाळला माणसांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटून गावातील अनेकांचा जीव गेला. सांगली जिल्ह्यातील कोणत्याही घरात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. मी मामींना कागदावर आकृती काढून दाखवली. फोल्कबोटीच्या तळाला सुमारे एक टन लोखंड जोडलेले असते, म्हणजे तिच्या एकूण वजनाच्या निम्म्याहून अधिक; वाऱ्याने ती कितीही कलली तरी हे वजन तिला पुन्हा उभी करते. परंतु आत भरपूर पाणी शिरले तर तेच लोखंड तिला तळाला नेईल, हेही सांगितले. म्हणून लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी धक्का सोडत नाही आणि वाऱ्याचा अंदाज वाईट असेल तर आम्ही निघत नाही. मामींचे समाधान पूर्ण झाले नाही, पण त्यांनी तो कागद ठेवून घेतला.

खर्चाचा प्रश्न विचारणाऱ्यांना आश्चर्य वाटते ते असे, की जुनी लाकडी फोल्कबोट तिथे बऱ्याचदा वापरलेल्या मोटारीपेक्षाही स्वस्त मिळते, कारण तिला पैशापेक्षा माणसाचा वेळ अधिक लागतो आणि वेळ द्यायला फार लोक तयार नसतात. हा वेळ एकट्याला पेलत नाही म्हणून क्लब असतात. तिथे डॉक्टर असो की ट्रकचालक, नावा काढण्या-उतरवण्याच्या दिवशी प्रत्येकाने दोर धरायचा, धक्का दुरुस्त करायला यायचे आणि पाळीप्रमाणे रात्री राखणीला बसायचे. मला या व्यवस्थेचे फार मोल वाटते. आपल्याकडे कृष्णेतील होड्यांच्या शर्यतींना घाटावर आणि पुलावर माणसे दाटीवाटीने उभी राहतात, पण शर्यत संपल्यावर त्या होड्यांची फळी कोण पाहतो, तेल कोण देतो, नावाड्याच्या मुलाला हे काम शिकावेसे वाटेल अशी सोय कोण करतो, याचा विचार शर्यत पाहणाऱ्यांनीही करायला हवा. घाटाजवळ एक शेड, थोडी अवजारे आणि वर्षातून ठरावीक दिवस श्रमदान, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

इतक्या फळ्या, फासळ्या बदलल्यावर नाव तीच राहते का, असे माझा भाचा विचारतो. मिरजेतील कारागीर जुन्या तंबोऱ्याची तबली बदलतात तेव्हा घरातले लोक त्याला आजोबांचाच तंबोरा म्हणतात. माझेही उत्तर तेच आहे.

आणि आनंद? तो जून-जुलैत मिळतो. रात्री दहा वाजता उजेड असतो, शहराच्या दक्षिणेकडील व्रांगो बेटापर्यंत दुपारभरात जाता येते, आणि कोणाच्या घराच्या अगदी पुढ्यात न थांबता एखाद्या निर्जन खडकाच्या आडोशाला नांगर टाकून रात्र काढण्याची मुभा तिथल्या परंपरेने सर्वांनाच दिली आहे. फळीवर फळी चढवलेल्या नावेच्या कडेला पाणी बारीक खळखळत राहते. फायबरच्या गुळगुळीत बोटीत हा आवाज येत नाही. माझी पत्नी स्पिरिटच्या शेगडीवर पोहे करते, मुलगी सुकाणू धरते आणि वारा पडला तरी कोणालाही घाई नसते.

स्वीडनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींपैकी कोणी अशी नाव घेण्याचा विचार करत असेल, तर शरद ऋतूत, नाव पाण्यात असतानाच पाहायला जा. या आकाराच्या नावेसाठी तिथे परवाना लागत नाही, त्यामुळे सगळी सावधगिरी आपणच बाळगायची असते. वार्निशच्या चकाकीवर जाऊ नका. डेकखालचे कोपरे हाताने चाचपा, मालकाच्या परवानगीने संशयित जागी चाकूचे टोक टेकवून पाहा, फासळ्या एकेक करून बोटांनी तपासा. तळाचे लोखंड धरणारे बोल्ट शेवटचे कधी काढून पाहिले हे जरूर विचारा, कारण ओकमधील आम्ल लोखंडाला आतून खाते आणि बाहेरून काही दिसत नाही. उत्तर समाधानकारक नसेल, तर निदान एक बोल्ट काढून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.