शंट तापला की अँपिअर फुगतात: माझा अनुभव

सर्टिफिकेटवर ‘ओके’चा शिक्का असलेला शंट भर दुपारी 15 टक्के जास्त करंट दाखवतो आणि लॅबमध्ये कुणी ऐकूनही घेत नाही, याचा राग अजून गेलेला नाही. शंट म्हणजे करंटच्या वाटेत जोडलेली कमी रोधाची धातूची पट्टी; तिच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजून मीटर करंट काढतो.

वाळूजच्या आमच्या शेडवर सोलरची बॅटरी बँक आहे. उन्हाळ्यात मीटर दुपारीच बॅटरी फुल दाखवायचा आणि रात्री इन्व्हर्टर लवकर बंद पडायचा. वायरिंग, बॅटऱ्या, चार्जर, सगळं ठीक निघालं. उरला शंट. तो काढून कॅलिब्रेशनला दिला आणि तिथेच गाडी अडली. आज या, उद्या या. शेवटी कागद हातात आला: 25 अंशाला रीडिंग बरोबर.

काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, “साहेब, आमच्या पॅनलमध्ये दुपारी पट्टी 65 अंशाला जाते. त्या तापमानाला तपासा ना.”

“आमची रूम 25 लाच असते. सर्टिफिकेट त्याचंच मिळतं.”

पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. पैसे मात्र पूर्ण घेतले.

मग शेडवरच तपासलं. स्थिर 20 अँपिअरचा सप्लाय लावला. सकाळी पट्टी 30 अंशाला असताना मीटरवर 20.4 होते. हीट गनने पट्टी 65 पर्यंत नेली, तर आकडा चढत 23.1 वर गेला. सप्लाय जागचा हललेला नव्हता! पॅनलवाल्याने मँगॅनिन (शंटसाठी वापरतात तो मिश्रधातू) सांगून तांब्याची पट्टी बसवली होती. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्का वाढतो; रोध वाढला की तेवढ्याच करंटला व्होल्टेज जास्त येतं आणि मीटर करंटच वाढला असं समजतो. मँगॅनिनचा 40 अंशांच्या फरकातही जेमतेम हलतो.

तात्पुरता इलाज म्हणून पट्टीच्या मधोमध थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा सेन्सर) चिकटवला आणि कंट्रोलरमध्ये सूत्र टाकलं: दिसणारा करंट भागिले (1 + 0.00385 × (तापमान − 25)). 23.1 चे बरोबर 20 झाले. तो आकडा पाहून जे समाधान वाटलं, ते त्या सर्टिफिकेटने दिलं नव्हतं. पुढे खरा मँगॅनिन शंट आणला.

कॅलिब्रेशनला देण्याआधीच विचारा, किती तापमानांना तपासणार? मीटरच्या बारीक तारा शंटच्या आतल्या स्क्रूंनाच लावा, जाड केबलच्या बोल्टला नाही. शंटचं एक टोक गरम बसबारजवळ (पॅनलमधली करंट वाहणारी जाड धातूपट्टी) आणि दुसरं गार, असंही नको. दोन धातूंच्या सांध्यावर मायक्रोव्होल्ट तयार होतात आणि कमी करंटला तेच रीडिंग बिघडवतात. आणि हो, डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) ताडून बघणार असाल तर प्रत्येक वेळी आधी झीरो करा. उन्हात तापला की त्याचाही झीरो सरकतो.