कावीळ आजची, गळती दीड महिन्यापूर्वीची

एका गल्लीत काविळीचे दहा-बारा रुग्ण निघाले की पहिली धाड पाणीपुरीच्या गाडीवर पडते. दुसरा आरोपी म्हणजे डुकरं. कावीळ हिपॅटायटीस ईची, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची असेल तर दोघांकडे बोट दाखवण्याआधी कॅलेंडर काढावं. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला २ ते १० आठवडे लागतात, सरासरी ५ ते ६. म्हणजे आजच्या रुग्णाने दूषित पाणी साधारण दीड महिन्यापूर्वी प्यायलं. तेव्हा कुठे खोदकाम झालं, पाइप कुठे फुटला, कुठल्या व्हॉल्व्हवर गढूळ पाणी आल्याची तक्रार होती, हे पाणीपुरवठ्याच्या नोंदवहीत शोधायचं. आजच्या पाण्याचा नमुना निर्दोष आला तरी त्याने काहीच सिद्ध होत नाही.

नमुन्याची आणखी एक फसवणूक आहे. प्रयोगशाळा कोलिफॉर्म (विष्ठेची खूण देणारे) जिवाणू बघते आणि जिवाणू क्लोरीनने विषाणूंच्या आधी मरतात. १९५५-५६मध्ये दिल्लीत हेच घडलं. सांडपाणी उलटं वाहून वजिराबादला शहरासाठी नदीचं पाणी उपसतात तिथपर्यंत पोचलं, क्लोरीन वाढवलं गेलं, टायफॉइड वाढला नाही. पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती तेव्हा हिपॅटायटीस ए समजली गेली. जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासल्यावर, १९८०मध्ये पुण्याच्या एनआयव्हीतल्या (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या) संशोधकांचाही सहभाग असलेल्या अभ्यासात, ती ए नाही आणि बीही नाही हे कळलं. ती होती आजची ई.

आपल्याकडे पाणी दिवसाआड, कुठे चार दिवसांनी येतं. मधल्या काळात पाइप रिकामा असतो आणि शेजारून गटार वाहत असतं. पाणी सुटताच घरोघरी मोटरी लागतात, पाइपात ओढ निर्माण होते आणि सांध्यातून गटाराचं पाणी आत येतं. गळतीची जागा ओटी टेस्टने पकडता येते: नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचं द्रावण टाकायचं, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत टप्प्याटप्प्याने तपासत जा. कुठल्याही नळाला किमान ०.२ मिग्रॅ प्रतिलिटर क्लोरीन हवं. एका खांबापर्यंत पिवळा रंग येतो आणि पुढच्या घरापासून अचानक येत नाही, तर त्या दोन ठिकाणांमधला रस्ता आधी खणा. रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. पाच मिनिटांनी गडद झालेला पिवळा हे मोकळं क्लोरीन नव्हे. घाईत ही चूक सर्रास होते.

टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) गणित सोपं आहे: ३३ टक्क्यांची ताजी पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे २० हजार लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ताकद झपाट्याने उतरते आणि तेवढीच पावडर अपुरी पडते. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरून ढवळा, दहा मिनिटं निवू द्या. फक्त वरची निवळी टाकीत ओता, तळाचा चुना नाही. अर्धा तास थांबा, मगच पाणी सोडा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतं, म्हणून आधी तुरटी. घरात मात्र पाणी खळखळून उकळणं सर्वात खात्रीचं. हा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचा, साधा कँडल फिल्टर त्याला अडवत नाही.

आता डुकरं. विषाणूचे जनुकीय प्रकार १ आणि २ फक्त माणसात वाढतात. ३ आणि ४ डुकरांत, रानडुकरांत, आणि तिथून माणसात. भारतातल्या साथी प्रकार १च्या, तर इथल्या डुकरांत सापडतो तो प्रकार ४. त्यामुळे साथ आली म्हणून डुकरं पकडून नेणं हा वेळेचा अपव्यय. (गटारात लोळणारं डुक्कर बघवत नाही हे खरं, पण तो वेगळा विषय.) युरोपात आणि जपानमध्ये चित्र उलटं आहे: कॉर्सिकातले डुकराच्या कच्च्या यकृताचे सॉसेज, जपानमध्ये हरणाचं कच्चं मांस, यातून लागण झाली आहे. डुक्कर आजारी दिसत नाही, म्हणून बघून ओळखता येत नाही. यकृत आतपर्यंत ७१ अंशांना २० मिनिटं शिजायला हवं. गोव्याचं सोरपोतेल (डुकराचं मांस आणि यकृत यांचा रस्सा) तेवढं सहज शिजतं. वरवर परतलेली कलेजी नाही.

घरातल्या घरात हा आजार हिपॅटायटीस एसारखा सहसा पसरत नाही. एका घरात तिघं पिवळे झाले तर तिघांनी एकच पाणी प्यायलं, असं आधी धरावं.

गरोदर बाईसाठी मात्र सगळे हिशेब बदलतात. शेवटच्या तिमाहीत लागण झाल्यास मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. गल्लीत साथ असताना तिला मळमळ आणि गडद लघवी सुरू झाली, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी रक्ताच्या चाचण्या करा: हिपॅटायटीस ईची आयजीएम (ताजी लागण दाखवणारी), यकृतासाठी एएलटी आणि बिलिरुबिन, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी पीटी-आयएनआर. आयएनआर वाढलेलं असेल, ती असंबद्ध बोलत असेल किंवा सतत झोपत असेल, तर अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच हलवा. रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध गरोदरपणात चालत नाही.