खिडकीतल्या प्लेट्स

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला ई. कोलाय या जिवाणूवर अतिनील किरण सोडायचे आणि किती जीव वाचतात ते मोजायचं, एवढंच होतं. मला ते तीनदा करावं लागलं.

पहिल्या खेपेला शून्य सेकंदाच्या आणि ३० सेकंदांच्या प्लेटवर सारख्याच कॉलन्या, म्हणजे वाचलेल्या जिवाणूंपासून वाढलेले ठिपके. मी झाकणं काढलीच नव्हती! २५४ नॅनोमीटरचे किरण त्या प्लास्टिकमधून जात नाहीत, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

दुसऱ्या खेपेला झाकणं काढली, गॉगल चढवला, सगळं नीट. पार्टनरने तिच्या प्लेट्स लगेच इनक्युबेटरमध्ये सरकवल्या. मी माझ्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवून चहाला गेले. मुंबईतला ऑक्टोबर, दुपारी तीनचं ऊन. सकाळी डोंबिवलीहून लोकलमध्ये चेंगरत येऊन बघते, तर तिच्या प्लेट्स जवळजवळ कोऱ्या आणि माझ्या प्लेट्सवर ठिपकेच ठिपके. कल्चर एकच, दिवा एकच.

"तुझ्या प्लेट्स अर्धा तास कुठे होत्या?" मॅडमनी एवढंच विचारलं.

अतिनील किरणांनी डीएनएतले शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात आणि नक्कल करणारं यंत्र तिथे अडखळतं. फोटोलायेज नावाचं एन्झाइम ती गाठ सोडवतं, पण त्याला निळसर उजेड लागतो. तो मीच आयता पुरवला होता. १९४८ मध्ये असेच प्रयोग करणाऱ्या अल्बर्ट केल्नर या अमेरिकी शास्त्रज्ञाचे आकडेही असेच उड्या मारत होते. त्याला आधी तापमानाचा संशय आला, निघाला उजेड. हे वाचून मला जरा बरं वाटलं. अंधारातही दुरुस्ती होते म्हणा. यूव्हीआर गटातली प्रथिनं बिघडलेल्या जागेसह १२-१३ अक्षरांचा तुकडा कापून काढतात आणि समोरची साखळी बघून तो नव्याने भरला जातो. पण मारा जास्त झाला की त्या कारागिरीला सगळं आवरत नाही.

तिसऱ्या खेपेला पडदे ओढले. लॅबच्या मामांनी घरच्या देवघरातला लाल झिरोचा बल्ब आणून दिला. त्याच्या उजेडात मी हात चाचपडत प्लेट्स फॉइलमध्ये गुंडाळल्या. ३० सेकंदांची एक प्लेट मात्र मुद्दाम खिडकीत ठेवली.

फॉइलमधल्या प्लेटवर ३ कॉलन्या. खिडकीतलीवर ४७, शंका नको म्हणून दोनदा मोजल्या. मामा बल्ब परत मागायला आले तेव्हा त्यांनाही दोन्ही प्लेट्स दाखवल्या.